हॅस्केलमध्ये अडलात? आधी टाइप सांगा

शनिवारी रात्री साडेदहाला फोन येतो.

"भावा, चालंना झालंय."

"काय चालंना?"

"प्रोग्राम."

"एरर काय म्हणतोय?"

"लाल लाल लई मोठं कायतरी आलंय बघ. उद्या बसूया की जरा."

हा लेख त्या फोनसाठी आहे. राजारामपुरीत एका मित्राच्या ऑफिसात आम्ही चारपाच जण रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बसतो. कुणी दिवसभर जावा लिहितो, कुणी पायथन, आणि हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा सगळ्यांनी हौसेनं धरलेली. कोल्हापुरात हॅस्केलवाला शेजारी मिळणं अवघड, त्यामुळं एकमेकांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही. आणि मला तरी असं दिसलंय की माणसं हॅस्केलमुळं कमी अडतात, प्रश्न नीट न मांडल्यामुळं जास्त.

एक सांगून ठेवतो. इथं मी कमांडा आणि कोड देवनागरीत लिहिलाय, कारण फोनवर आम्ही तसंच बोलतो: "कोलन टी मार, काय येतंय सांग." कीबोर्डवर लिहिताना अर्थातच रोमन लिपी.

बसवताना

जीएचसीअप नावाचा इन्स्टॉलर घ्या. तो जीएचसी हा कंपायलर (म्हणजे लिहिलेला कोड तपासून चालण्याजोगा करणारा), कबाल हे पॅकेजं बांधणारं साधन, आणि एडिटरला मदत करणारा हॅस्केल लँग्वेज सर्व्हर हे सगळं एका जागी आणून देतो. जुन्या व्हिडिओंत दाखवलेले बाकीचे मार्ग सोडा.

जीएचसीअपमध्ये प्रत्येक आवृत्तीपुढं शिक्के असतात. 'लेटेस्ट'च्या मागं लागू नका, 'रेकमेंडेड' घ्या. कारण साधं आहे. लँग्वेज सर्व्हर प्रत्येक जीएचसीबरोबर चालतोच असं नाही. नव्याकोऱ्या जीएचसीला त्याचा आधार यायला वेळ लागतो. मग एडिटरमध्ये काहीच दिसत नाही आणि आपल्याला वाटतं आपलंच चुकलं. डिस्कवर काही जीबी जागा मोकळी ठेवा. दोनतीन जीएचसी साठले की लॅपटॉप कुरकुरायला लागतो, तेव्हा जुने काढून टाका.

उबुंटूवर शेवटच्या टप्प्यात लिंकर 'एलजीएमपी सापडत नाही' म्हणाला तर घाबरू नका. मोठ्या आकड्यांचं गणित करणारी जीएमपी लायब्ररी असते, तिचं 'डेव्ह' पॅकेज एपीटीनं घातलं की काम पुढं सरकतं. विंडोजवर जीएचसीअप एमसिस-टू नावाचं स्वतंत्र बिऱ्हाड सोबत आणतो. ते नको म्हणू नका.

कबाल की स्टॅक (हेही तसलंच साधन), हा वाद मिसळ पुण्याची भारी की कोल्हापूरची यासारखा आहे. एक धरा आणि सहा महिने तेच वापरा. एकाच प्रोजेक्टात दोन्ही घातले की मदत करणाऱ्याला कुठली आवृत्ती कुठून आली तेच कळत नाही. आम्ही कबाल वापरतो.

एरर आख्खी वाचा

आता खरं काम. परवाचंच उदाहरण घेतो. एका पोरानं गावच्या दूध संस्थेसाठी छोटा प्रोग्राम लिहायला घेतला: सभासदानं आठवडाभरात घातलेल्या दुधाच्या फॅटची सरासरी काढायची. त्यानं लिहिलं:

सरासरी नोंदी = सम नोंदी / लेंग्थ नोंदी

दिसायला एकदम बरोबर. बेरीज भागिले संख्या, पाचवीतलं गणित. पण जीएचसी म्हणाला, 'फ्रॅक्शनल इंट'चं इन्स्टन्स नाही, म्हणजे इंटला (पूर्णांकाला) असा भागाकार चालत नाही, आणि हे भागाकाराच्या चिन्हामुळं उद्भवलं. पोरगं म्हणालं, "दादा, मी इंट कुठं लिहिलंय? फॅट तर 3.8 हाय की."

इथंच निम्मे लोक फोन करतात. त्याच्या आधी एक गोष्ट करायची: फंक्शनच्या डोक्यावर त्याची सिग्नेचर लिहायची, म्हणजे ते कुठल्या टाइपचं (प्रकारचं) काय घेतं आणि काय देतं ती ओळ.

सरासरी :: [डबल] -> डबल

म्हणजे डबलची (दशांश आकड्यांची) लिस्ट घेणार आणि एक डबल देणार. पुन्हा कंपाइल केलं. एरर गेली नाही, पण बदलली. आता जीएचसी म्हणतो: एक्स्पेक्टेड टाइप डबल, ॲक्च्युअल टाइप इंट, आणि जागा कुठली, तर भागाकाराचा दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे 'लेंग्थ नोंदी'. थेट बोट ठेवलं! लेंग्थ नेहमी इंट देतो आणि हॅस्केल इंटचा डबल आपण होऊन करत नाही. पायथन किंवा सी करतात, म्हणून आपल्याला तशी सवय लागलेली असते. इथं 'फ्रॉमइंटिग्रल' मध्ये घालावं लागतं:

सरासरी नोंदी = सम नोंदी / फ्रॉमइंटिग्रल (लेंग्थ नोंदी)

चूक तीच, प्रोग्राम तोच. फक्त आपल्याला काय हवंय ते कंपायलरला सांगितल्यावर त्यानं चूक नेमकी कुठं आहे त्याचा पत्ता दिला. पहिल्या वेळी त्याला आपला हेतू माहीत नव्हता, मग त्यानं लेंग्थवरून अंदाज बांधला की सगळंच इंट असणार, आणि भागाकाराशी जाऊन अडखळला. म्हणून माझा पहिला नियम: सिग्नेचर नसलेल्या फंक्शनबद्दल मला विचारायचं नाही. आधी लिही, मग फोन कर. बऱ्याचदा फोन येतच नाही.

एरर वाचताना या गोष्टी बघा. पहिल्या ओळीत फाइलचं नाव, ओळ आणि रकाना असतो. 'एक्स्पेक्टेड' म्हणजे त्या जागेला काय हवं होतं, 'ॲक्च्युअल' म्हणजे तुम्ही काय दिलं. या दोघांची अदलाबदल करून वाचणारे खूप आहेत. खाली 'अमुक आर्ग्युमेंटमध्ये, तमुक एक्स्प्रेशनमध्ये, अमक्या इक्वेशनमध्ये' अशी उतरंड असते, ती आतून बाहेर जाणारा पत्ता आहे. घर, गल्ली, पेठ. आणि एका वेळी अठरा एरर आल्या तर पहिली सोडवा, उरलेल्यांकडं बघूही नका. त्यातल्या बऱ्याच तिच्यामुळंच आलेल्या असतात.

जीएचसी 9.6 पासून प्रत्येक एररला नंबरही मिळालाय. वरच्या दोघींचे नंबर 39999 आणि 83865. 'हॅस्केल एरर इंडेक्स' नावाची एक जागा आहे, तिथं नंबर टाकला की उदाहरणासकट खुलासा मिळतो. फोनवर "लाल लाल कायतरी" म्हणण्यापेक्षा "त्र्याऐंशी हजार आठशे पासष्ट आलाय" म्हटलं तर मी चहाचा कप खाली न ठेवताही सांगू शकतो.

माणसाला विचारण्याआधी जीएचसीआयला विचारा

जीएचसीआय म्हणजे जीएचसीशी समोरासमोर गप्पा मारायची खिडकी. तिथं ':टी' आणि पुढं नाव लिहिलं की टाइप कळतो, ':आय'नं त्या नावाची कुंडली, आणि ':आर'नं बदललेली फाइल पुन्हा आत येते. एवढ्या तीनवर वर्षभर निभावतं.

':टी लेंग्थ' मारलं की 'फोल्डेबल टी' वगैरे काहीतरी येतं आणि नवीन माणूस तिथंच गार होतो. ':टी' आणि नाव यांच्या मध्ये '+डी' घाला. मग तो साधा, लिस्टचा टाइप दाखवतो: [अ] -> इंट. हे मला कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी युक्ती म्हणजे भोक ठेवणं. जिथं काय लिहायचं ते सुचत नाही तिथं नुसता अंडरस्कोर लिहा:

सरासरी नोंदी = सम नोंदी / _ (लेंग्थ नोंदी)

कंपाइल होणार नाहीच, पण जीएचसी सांगेल की या भोकात इंट -> डबल अशा टाइपचं काहीतरी हवंय, आणि हाताशी असलेली, त्यात बसू शकणारी काही नावंही सुचवेल. शिरोलीतल्या फाउंड्रीत पॅटर्नवरून वाळूचा साचा करतात, मग धातू ओततात. इथं उलटं होतं: सभोवतालचा साचा आधीच तयार आहे, पॅटर्न कसा असणार ते तो सांगतो. मात्र सुचवलेलं नाव डोळे झाकून घालू नका. टाइप बसला म्हणजे अर्थ बसला असं नाही.

तिसरं, हूगल, म्हणजे हॅस्केलची फंक्शनं शोधायची साइट. इथं नुसतं नावानंच नाही, टाइपनंही शोधता येतं. 'लिस्टमधली अटीत बसणारी पहिली नोंद हवी, नसली तर नसू दे' असं काही हवंय? त्याचा टाइप लिहा: (अ -> बूल) -> [अ] -> मेबी अ. हूगल 'फाइंड' हे फंक्शन पुढं करेल. आपल्याला काय हवंय ते टाइपात सांगता आलं की नाव पाठ नसलं तरी चालतं. आणि सांगताच आलं नाही, तर आपल्याला काय हवंय हेच अजून ठरलेलं नाही.

तरी अडलं, तर विचारायचं असं

मोबाइलनं स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवू नका. हात जोडून सांगतो. त्यातून कोड उचलता येत नाही, आणि नेमकी एररची पहिली ओळ कापली गेलेली असते.

मजकूर पाठवा. व्हॉट्सॲपवर कोडच्या आधी आणि नंतर तीन तीन उलटे टिंब, म्हणजे बॅकटिक, घातले की अक्षरं एका मापाची होतात. हे का, तर हॅस्केलमध्ये ओळीपुढची मोकळी जागा ही व्याकरणाचा भाग आहे. एक स्पेस सरकली की 'पार्स एरर', आणि मी तुमची नसलेली चूक शोधत बसतो. मोबाइलचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, तेही जीएचसीला चालत नाही. टॅब तर वापरूच नका, एडिटरला टॅबऐवजी स्पेस घालायला सांगा. कोड जरा मोठा असेल तर हॅस्केल प्लेग्राउंडवर टाकून दुवा पाठवा. तिथं तो चालवूनही बघता येतो.

पाठवण्याआधी प्रोग्राम छाटा. तीनशे ओळी कुणी वाचत नाही. एररशी संबंध नसलेलं एकेक फंक्शन काढत जा आणि दर वेळी बघा की एरर अजून येतेय का. दहा ओळी उरल्या की त्या पाठवा. छाटताना अचानक एरर गायब झाली, तर शेवटी काय काढलं ते बघा. गोम तिथंच आहे.

सोबत एवढं लिहा: जीएचसीची आवृत्ती, एरर आख्खी, फंक्शनची सिग्नेचर, आणि "मला असं व्हायला हवं होतं, पण असं होतंय" हे वाक्य. हे शेवटचं सगळे विसरतात. "सभासदाच्या सात दिवसांच्या फॅटची सरासरी हवी" असं लिहिलं असेल तर एखादा म्हणू शकतो की बाबा, नुसती सरासरी नको, लिटरच्या प्रमाणात काढ. दहा लिटरचं 3.5 आणि दोन लिटरचं 4.5 यांची सरासरी 4 धरली तर संस्था बुडेल! प्रश्न हॅस्केलचा नव्हताच, गणिताचा होता.

कंपायलर गप्प बसतो तेव्हा

लोक म्हणतात, हॅस्केल कंपाइल झालं की चालतंच. मीही म्हणायचो.

वरची सरासरी एका रिकाम्या आठवड्यावर चालवा. सभासद गावाला गेला, दूध घातलंच नाही. शून्य भागिले शून्य. प्रोग्राम पडत नाही, शांतपणे 'नॅन' (म्हणजे 'हा आकडाच नाही') छापतो आणि ते नॅन बिलापर्यंत वाहत जातं. उपाय पुन्हा टाइपातच आहे: निकाल डबल ऐवजी 'मेबी डबल' करा. रिकामी लिस्ट आली तर 'नथिंग', नाहीतर 'जस्ट' आणि आकडा. मग हे फंक्शन वापरणाऱ्याला 'नथिंग'चं काय करायचं हे ठरवावंच लागतं.

तसंच लिटर आणि फॅट दोन्ही डबल ठेवले, तर बारा लिटर साडेतीन फॅटचं साडेतीन लिटर बारा फॅट झालं तरी जीएचसी चकार शब्द काढणार नाही. दोघांना वेगवेगळे 'न्यूटाइप' करून द्या, म्हणजे आत डबलच, पण टाइपाचं नाव वेगळं. चालताना त्याचा भार पडत नाही, आणि अदलाबदल कंपाइल करतानाच पकडली जाते. शिवाय मदत मागताना सिग्नेचरमध्येच 'लिटर -> फॅट -> रुपये' असं दिसतं, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता खास आपल्या लोकांची अडचण. सभासदाचं नाव 'शांताबाई' आहे आणि छापलं तर \2358 पासून सुरू होणारी आकड्यांची माळ आली. फाइल खराब झालेली नाही. 'प्रिंट' हे फंक्शन आधी 'शो' करतं, आणि 'शो' इंग्रजीबाहेरची अक्षरं त्यांच्या युनिकोड क्रमांकानं दाखवतं. 'श'चा क्रमांक 2358. 'पुटस्ट्रलाइन' वापरा, शांताबाई नीट उमटतील. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून प्रोग्राम मेलाच, तर आधी तिथलं कोडपेज 65001 करा, किंवा प्रोग्रामच्या सुरुवातीला आउटपुटचं एन्कोडिंग यूटीएफ-8 ठरवा. इंग्रजी उत्तरं धुंडाळताना हे पटकन हाती लागत नाही, कारण विचारणाऱ्याच्या यादीत शांताबाई नसतात.

मोठी फाइल वाचताना मेमरी भरत गेली, तर बेरीज 'फोल्डएल'नं (लिस्टमधलं एकेक घेऊन हिशोब पुढं नेणाऱ्या फंक्शननं) करताय का बघा. हॅस्केल आळशी आहे: बेरीज करायची सोडून 'नंतर करू' अशा चिठ्ठ्या साठवतं. नावामागं एकेरी अवतरणचिन्ह असलेलं, 'फोल्डएल प्राइम' वापरा. ते जागच्या जागी हिशोब मिटवतं.

'मॉड्यूल सापडत नाही, ते लपलेल्या पॅकेजमध्ये आहे' असं आलं तर कबाल फाइलमधल्या 'बिल्ड-डिपेंड्स'मध्ये त्या पॅकेजचं नाव घाला. 'डेटा मॅप'साठी ते 'कंटेनर्स'. संपलं.

आणि तुम्ही सांगणारे असाल तर

दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मी त्याचा आख्खा प्रोग्राम माझ्या पद्धतीनं लिहून दिला. चाळीस ओळींच्या नऊ केल्या, सगळीकडं टिंबं टिंबं, व्हेरिएबलचं नाव औषधालाही नाही. मी खूश. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, ते मला वाचताच येईना, मग मी पायथनमध्ये केलं." त्याच्या चाळीस ओळींत चूक एकच होती, एका कंसाची.

तेव्हापासून आम्ही एक शिस्त पाळतो: दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. तालमीत वस्ताद डाव दाखवतो, पण मातीत पोरानंच उतरायचं असतं. वस्तादानं एक डाव राखून ठेवावा म्हणतात. इथं तसलं काही राखायचं कारण नाही, पण उत्तराच्या आधी पुढची पायरी सांगावी. "लेंग्थवर कोलन टी मार" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. तो टाइपाकडं बघेल, इंट दिसेल, आणि तोंडातून "आयला" निघेल. त्या "आयला"साठी तर आपण रविवारी लवकर उठतो.

"हे सोपं आहे" म्हणू नका. ज्याला अडलंय त्याला ते सोपं नाही, एवढं तरी नक्की. पहिल्या महिन्यात मोनाडची व्याख्या सांगू नका. मोनाड म्हणजे डबा, मोनाड म्हणजे पाइप, असली रूपकं तर अजिबात नकोत. 'मेबी' वापरू द्या, फाइल वाचताना 'आयओ' वापरू द्या, लिस्टशी खेळू द्या. या तिघांत सारखं काय आहे हे तो स्वतः विचारेल, तेव्हा सांगा.

सांगणाऱ्यालाही येत नसेल तर तसं सांगून मोकळं व्हावं. टाइप फॅमिलीचा विषय निघाला की आमच्यातले निम्मे खिडकीबाहेर बघतात. मग दोघं मिळून जीएचसीचं यूजर गाइड उघडतो. नवीन माणसाला ते बघणंही उपयोगी पडतं: जुना गडी अडल्यावर काय करतो, कुठं शोधतो, किती वेळा चुकतो.

सुटलेला प्रश्न लिहून ठेवा. आमची एक साधी टेक्स्ट फाइल आहे: एररचा नंबर, कारण एका ओळीत, उपाय एका ओळीत, तारीख. तिच्यात फ्रॉमइंटिग्रल अकरा वेळा आलाय. त्यातले तीन माझे.

यायचं असेल तर जीएचसीअप घरीच बसवून या; ऑफिसातल्या वायफायवर एका वेळी तिघांनी उतरवायला घेतलं तर दुपार होते, आणि मिसळ साडेअकराला संपते. चार्जर आपापला.